पोहरादेवी व मानोरा परिसरातील प्रेक्षणीय स्थळे

पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील गाव भारतातील बंजारा समाजाचे सर्वांत महत्त्वाचे तीर्थक्षेत्र असून ‘बंजाऱ्यांची काशी’ म्हणून ते ओळखले जाते. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर ही येथील मुख्य स्थाने होत. जवळच असलेले उमरी हे याच परंपरेतील दुसरे क्षेत्र असून पोहरादेवीचे दर्शन घेणारा यात्रेकरू सहसा उमरीसही जातो. हा सर्व भाग पूर्वी अकोला जिल्ह्यात मोडत असे. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तो नव्या जिल्ह्यात आला. पूर्वेस व दक्षिणेस यवतमाळ जिल्हा लागूनच आहे. दिग्रस व पुसद ही त्या जिल्ह्यातील गावे व्यवहाराच्या दृष्टीने येथील लोकांना जवळची होत.

मानोरा तालुक्याची भूमी दख्खनच्या लाव्ह्याची आहे. बुटक्या, सपाट माथ्याच्या टेकड्या, त्यांच्या उतारांवर साग, धावडा व पळस यांचे विरळ रान आणि खोलगट भागात कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारी काळी जमीन असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे. पैनगंगेस मिळणारी अरुणावती नदी या तालुक्यातून वाहते. पावसाळ्यात व त्यानंतरच्या दोन महिन्यांत हा प्रदेश हिरवागार व नेत्रसुखद असतो. यात्रा मात्र चैत्रात भरते. तोवर पळसाचा बहर ओसरलेला असतो आणि वऱ्हाडी उन्हाचा तडाखा सुरू झालेला असतो. निसर्गशोभेसाठी येणारा प्रवासी आणि देवदर्शनासाठी येणारा यात्रेकरू यांचे हंगाम येथे जुळत नाहीत.

वाशीम जिल्हा ऐतिहासिक अवशेषांच्या बाबतीत दरिद्री नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती, आणि अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी ज्याच्या काळात कोरली गेली, तो हरिषेण याच शाखेचा. कारंजा येथे जैन भट्टारकांची पीठे व हस्तलिखितांचे भांडार, तर शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आहे. या स्थळांच्या मालिकेत पोहरादेवी ठेवून पाहिल्यास एक फरक लगेच जाणवतो. येथे कोरीव खांब नाहीत, ताम्रपट नाहीत, राजाश्रयाचा उल्लेख करणारे शिलालेखही नाहीत. देशाच्या निम्म्या भागातून लक्षावधी लोक ज्या गावी येतात, तेथे डोळ्यांना जुने असे फारच थोडे दिसते. याचे कारण या भाविकांच्या इतिहासात आहे. ज्या समाजाची कित्येक शतके रस्त्यावर गेली, त्याने मागे दगडी इमारती ठेवल्या नाहीत.

बंजारे स्वतःस ‘गोर’ म्हणवितात आणि समाजाबाहेरील माणसास ‘कोर’ म्हणतात. प्रदेशानुसार त्यांना लभाण, लंबाडी, लंबाणी, सुगाळी अशी नावे आहेत. त्यांपैकी लभाण हे नाव ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दावरून आल्याचे सामान्यतः सांगितले जाते. त्यांची बोली, गोरबोली, राजस्थानी बोलींना जवळची आहे. राठोड, पवार, चव्हाण व जाधव ही त्यांची मुख्य कुळे. तांडा हे त्यांच्या समाजजीवनाचे मूळ एकक असून नायक हा त्याचा प्रमुख व कारभारी हा त्याचा साहाय्यक असतो. तांडा या शब्दाचा आज ‘वस्ती’ असा अर्थ घेतला जातो. मुळात तो चालत्या काफिल्याचा वाचक होता, आणि या एका शब्दाच्या अर्थांतरात समाजाचा बराचसा इतिहास सामावलेला आहे.

गाडीरस्ते नसलेल्या काळात धान्य, मीठ व डाळी यांची दूरची वाहतूक पाठाळ बैलांवरून होत असे. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानातून जात असता त्यास धान्य लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. हे लोक दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नसत, असे त्याने नमूद केले आहे. तावर्न्ये या फ्रेंच जवाहिऱ्याने त्याच शतकात दहा-बारा हजार बैलांच्या काफिल्यांचे वर्णन केले असून, वाट अरुंद असल्यास असा काफिला पुढे जाईपर्यंत इतरांना दोन-तीन दिवस खोळंबावे लागे, असे तो सांगतो. ही मंद चाल हेच या व्यापाराचे बळ होते. बैल वाटेने चरत जात, त्यामुळे वैरणीचा खर्च जवळजवळ नसे. माणसे उघड्यावर उतरत, त्यामुळे सराईचा खर्च नसे. अन्नधान्यासारखा वजनाने जड व मोलाने हलका माल शेकडो मैल नेणे परवडत होते, ते यामुळेच. दुष्काळी मुलखात धान्य पोहोचविण्याचे दुसरे मोठे साधन त्या काळी नव्हते.

सैन्यांनाही बंजाऱ्यांवाचून गत्यंतर नव्हते. शाहजहानच्या काळात मोगल फौजांबरोबर भंगी व जंगी हे नायक आपल्या अफाट बैलांसह दक्षिणेत आले, अशी हैदराबादकडील बंजाऱ्यांची परंपरा आहे. मराठे, निजाम, टिपू व इंग्रज या सर्वांनी त्यांच्याकडून रसद घेतली. १८०३ च्या युद्धात आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने असईपासून वऱ्हाडातील अडगाव व गाविलगडपर्यंत जी मोहीम केली, तिच्या पत्रव्यवहारात ‘ब्रिंजारी’ हा शब्द वारंवार येतो. कधी त्यांच्या बैलांची वाट पाहिली जाते, तर कधी त्यांच्या दिरंगाईबद्दल चरफड व्यक्त होते. युद्धे जिंकल्याची वर्णने भरपूर उपलब्ध आहेत. त्या फौजांना जेवू घालणाऱ्यांविषयीचा मजकूर मात्र अशा पत्रांच्या कडेकोपऱ्यातून वेचावा लागतो.

पावसाळ्यात हे सर्व थांबे. काळ्या जमिनीतून लादलेले बैल नेणे अशक्य, म्हणून तांडे चार महिने एखाद्या गवताळ व जंगलाच्या प्रदेशात मुक्काम करीत. पैनगंगेच्या उत्तरेकडील टेकड्या अशा मुक्कामास सोयीच्या होत्या. येथे पाणी व चराई होती, आणि उत्तर हिंदुस्थान व हैदराबाद यांना जोडणारे मार्गही दूर नव्हते. आज वाशीम व यवतमाळ जिल्ह्यांत बंजारा वस्ती दाट आहे, तिच्यामागे या पावसाळी मुक्कामांची परंपरा असावी असे मानण्यास जागा आहे.

सेवालाल महाराज हे या चालत्या जगातील पुरुष. परंपरेनुसार त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ रोजी झाला. वडिलांचे नाव भीमा नायक, आईचे धरमणी. आंध्र प्रदेशाच्या अनंतपूर जिल्ह्यातील गुत्तीजवळचे सेवागड आणि कर्नाटकाच्या दावणगेरे जिल्ह्यातील सूरगोंडनकोप्प ही दोन्ही स्थळे त्यांचे जन्मस्थान म्हणून पूज्य मानली जातात. जन्मस्थानाविषयीचा हा मतभेद वादापेक्षा वस्तुस्थितीचा निदर्शक म्हणावा लागेल. कारण तांड्यात जन्मलेल्या मुलाचे गाव कोणते, हा प्रश्न त्या काळच्या बंजाऱ्यांना पडण्याचे कारण नव्हते. ते जगदंबेचे भक्त व आजन्म ब्रह्मचारी होते, गुरे राखीत व तांड्याबरोबर व्यापार करीत, असे कथागीतांतून सांगितले जाते. सत्य बोलावे, व्यसनांपासून दूर राहावे, स्त्रियांचा मान राखावा, रान व पाणी जपावे अशा आशयाची त्यांची वचने मौखिक परंपरेने टिकून आहेत. रुईगड येथे त्यांनी देह ठेवला व पोहरादेवी येथे त्यांची समाधी झाली, असे मानतात. निधनाच्या सालाविषयी मात्र परंपरांत एकमत नाही. बहुधा १८०६ हे साल दिले जाते.

समाधीनंतरचे शतक समाजाला अत्यंत हलाखीचे गेले. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६० नंतर कापसाच्या व्यापारासाठी येथे रस्ते झाले आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली. तांड्यास जेथे काही महिने लागत, तेथे मालगाडी दोन दिवसांत जाऊ लागली. मीठ व धान्याचा व्यापार हातचा गेला. राखीव जंगलांमुळे चराईवर बंधने आली. काही तांडे गुरांच्या व्यापाराकडे वळले, काहींनी लाकूडफाटा व मजुरी धरली, थोड्यांना शेतजमीन मिळाली. निरुपयोगी ठरलेल्या फिरत्या माणसांकडे सरकार संशयाने पाहू लागले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्यांत निरनिराळ्या प्रदेशांतील बंजारेही आले. वऱ्हाडातील बंजाऱ्यांविषयीची पहिली सविस्तर माहिती कंबरलेज या पोलीस अधिकाऱ्याने लिहिली व ती १८८२ मध्ये पुस्तिकारूपाने छापली गेली. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या प्रसिद्ध ग्रंथातील बंजाऱ्यांवरील लेख तिच्यावर पुष्कळसा आधारलेला आहे. एखाद्या व्यापारी समाजाची नोंद पोलीस खात्याकडून व्हावी, ही गोष्ट त्या काळाविषयी पुरेसे सांगून जाते. हा कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती ‘विमुक्त’ झाल्या.

स्थिर झालेले तांडे बहुधा गावापासून काही अंतरावर, टेकडीच्या कडेला वसले. महसुली दप्तरात ते शेजारच्या गावाच्या नावाने ओळखले गेल्यामुळे रस्ता, पाणी व शाळा यांसाठी त्यांना दीर्घकाळ दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले. याच परिस्थितीतून पुढे आलेले वसंतराव नाईक (१९१३–७९) हे पुसद तालुक्यातील गहुलीचे. १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक यांनीही १९९१–९३ मध्ये ते पद भूषविले. शासनाच्या तांडावस्ती सुधार योजनेस वसंतरावांचेच नाव देण्यात आले आहे.

व्यापार गेला, वाटा मोडल्या आणि तांडे पाच-सहा राज्यांत विखरून स्थिर झाले. पोहरादेवीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर वाढलेले दिसते. फिरत्या तांड्यांची गाठभेट वाटेवर होत असे. स्थिर झालेल्या तांड्यांना भेटण्यासाठी एक ठिकाण आणि एक तिथी आवश्यक झाली. रामनवमीची यात्रा ही ती तिथी होय. महाराष्ट्राखेरीज तेलंगण, आंध्र प्रदेश, कर्नाटक व मध्य प्रदेश येथून भाविक येतात. समाधीपुढे व देवीपुढे ‘भोग’ लावतात, म्हणजे अग्नीत तूप व गोड पदार्थांची आहुती देतात. सेवालाल महाराजांचे पांढरे निशाण सर्वत्र दिसते. देवीला नवसाचे बोकड देण्याची प्रथा येथे मोठ्या प्रमाणावर होती. तिच्याविरुद्ध समाजातील सुधारकांनी व इतर कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे प्रबोधन केले असून, सेवालाल महाराजांच्या वचनांचाच आधार त्यासाठी घेतला गेला. पोहरादेवीचे महंत रामराव महाराज यांचे नेतृत्व अनेक दशके सर्व प्रांतांतील बंजाऱ्यांना मान्य होते. ३० ऑक्टोबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधीही येथेच आहे.

यात्रेत एकाच रांगेत उभे असलेले तीन भाविक सरकारी कागदावर तीन निरनिराळे असतात, हे येथे नमूद केले पाहिजे. तेलंगणातील लंबाडी अनुसूचित जमातीत, कर्नाटकातील लंबाणी अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रातील बंजारा विमुक्त जातीत गणला जातो. त्यांची बोली, कुळे व देवता एक आहेत. सवलती मात्र राज्याच्या सीमेवर बदलतात. समाजाच्या मागण्यांची चर्चा पोहरादेवीच्या मेळाव्यांत दरवर्षी होते, तिचे मूळ या विसंगतीत आहे.

या क्षेत्राचे खरे प्रेक्षणीय वैभव लोकांच्या अंगावर व कंठात आहे. स्त्रियांचा फेटिया (घागरा), कांचळी व छांटिया (ओढणी) यांवर आरशांचे तुकडे, कवड्या व रंगीत धाग्यांचे भरतकाम असते. केसांत टोपली व घुगरी हे चांदीचे दागिने आणि दंडापर्यंत बलिया नावाच्या बांगड्या घालीत. हा पोशाख आता वयस्क स्त्रियांपुरता व समारंभापुरता उरत चालला आहे. होळीची लेंगी गीते, श्रावणात कुमारिकांनी टोपल्यांत गहू रुजवून साजरी करावयाची तीज, विवाहात सासरी निघालेल्या मुलीने गावयाचे ढावलो हे विलापगीत आणि नंगाऱ्याच्या साथीने गायिली जाणारी कथने यांत समाजाचे पूर्ववृत्त साठविलेले आहे. गोरबोलीचे लिखित वाङ्मय अलीकडचे असल्याने ही गाणी हेच तिचे ग्रंथ होत.

अशा वारशाचे जतन करावयाचे कसे, हा प्रश्न केवळ मानोरा तालुक्याचा नाही. या संदर्भात जपानचे उदाहरण उद्बोधक आहे. जपानी भाषेत प्रेक्षणीय स्थळास ‘मेइशो’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ ‘नाव असलेले ठिकाण’ असा आहे. एखाद्या जागी पाहण्यासारखे किती आहे, यापेक्षा तिच्याशी कोणते काव्य, कथा वा स्मृती निगडित आहे, यावरून ती मेइशो ठरत असे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सामान्य जपानी माणसास प्रवासाचे परवाने सहज मिळत नसत. इसे येथील देवस्थानाची यात्रा हे मात्र सर्वमान्य कारण होते. यात्रेच्या निमित्ताने देशाटन व देशाटनाच्या निमित्ताने क्योतो, एदो इ. शहरांचे दर्शन घडे. १७८० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘मियाको मेइशो झुए’ हा क्योतोचा सचित्र स्थलवर्णनग्रंथ या प्रवाशांत फार लोकप्रिय झाला आणि त्याच्या धर्तीवर इतर प्रांतांचे ग्रंथ निघाले. पुढे १९१९ मध्ये ऐतिहासिक व निसर्गरम्य स्थळांच्या रक्षणाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९४९ रोजी नारा परिसरातील होऱ्यूजी मठातील प्राचीन भित्तिचित्रे आगीत होरपळली. अजिंठ्याच्या चित्रांशी ज्यांची तुलना केली जाते, ती हीच. या आघातानंतर १९५० मध्ये जो सांस्कृतिक संपत्तिरक्षण कायदा संमत झाला, त्यात इमारती व चित्रे यांच्याबरोबर नाट्य, संगीत व हस्तकौशल्य यांसारख्या अमूर्त गोष्टींनाही संरक्षण मिळाले आणि १९५४ च्या दुरुस्तीने त्या कला जाणणाऱ्या व्यक्तींनाही मान्यता देण्याची सोय झाली.

भारतातील १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार स्मारक किमान शंभर वर्षांचे असावे लागते आणि ते स्थावर असावे लागते. या मोजपट्टीवर वाशीमजवळची पडकी भिंतही ‘स्मारक’ ठरू शकते. ढावलो गाणारी वृद्धा ठरू शकत नाही. अमूर्त वारशाविषयीचा २००३ चा युनेस्कोचा करार भारताने २००५ मध्ये मान्य केला आहे. परंतु जिल्हा पातळीवर अद्यापि प्रेक्षणीय स्थळ म्हणजे बांधकाम, हीच समजूत प्रचलित आहे.

पोहरादेवी येथे उभारलेले बंजारा विरासत संग्रहालय या दोन दृष्टींच्या सीमेवर आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे उद्‌घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. चार मजली इमारतीचा आकार नंगारा या वाद्याचा असून तीत तेरा दालने आहेत. त्यांतून समाजाचा इतिहास, व्यापार, पोशाख व नेतृत्व यांचे दर्शन घडविले आहे. लक्षावधी भाविकांना आपला इतिहास एका छपराखाली प्रथमच पाहावयास मिळाला, हे या वास्तूचे मोठेच कार्य होय. दालनांतील बाहुल्यांना नेसविलेला फेटिया जो हातांनी शिवला जातो, त्या हातांना काम मिळवून देण्याचा प्रश्न मात्र इमारतीने सुटणारा नाही. कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी भरतकामास भौगोलिक निर्देशन मिळाले असून तेथील स्त्रियांच्या संस्थेमार्फत ते बाजारात जाते. मानोरा–दिग्रस भागातही तसे प्रयत्न करण्यासारखे आहेत.

परिसरातील अन्य स्थळांपैकी कारंजा हे सर्वांत महत्त्वाचे. दत्तसंप्रदायातील नृसिंह सरस्वती यांचे हे जन्मस्थान मानले जाते व तेथील गुरुमंदिरात वर्षभर भाविकांची गर्दी असते. बलात्कार गण, सेन गण व काष्ठासंघ या तिन्ही दिगंबर परंपरांची मंदिरे येथे आहेत. येथील भांडारांतील हस्तलिखितांवरून विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात पुष्पदंत इ. अपभ्रंश कवींचे ग्रंथ ‘कारंजा जैन ग्रंथमाले’त प्रसिद्ध झाले, भारतीय भाषांच्या इतिहासात त्यांचे मोल फार आहे. कारंजा–सोहोळ अभयारण्यात काळविटांचे कळप दिसतात. मंगरुळपीर येथे दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर दिगंबर व श्वेतांबर पंथांतील वादामुळे १९८१ पासून बंद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते २०२३ मध्ये दर्शनासाठी उघडले. वाशीम येथील बालाजी मंदिर भोसलेकालीन असून त्याची दीपमाळ व ओवऱ्या पाहण्यासारख्या आहेत.

मानोऱ्यास रेल्वे नाही. अकोला–पूर्णा लोहमार्गावरील वाशीम हे सोयीचे स्थानक असून तेथून, तसेच कारंजा व दिग्रस येथून, राज्य परिवहनाच्या गाड्या मिळतात. रामनवमीच्या आठवड्यात जादा गाड्या सोडतात. तरीही अनेक तांडे ट्रॅक्टर व मालमोटारींतून सहकुटुंब येतात, माळावर चुली मांडतात आणि रात्री उशिरापर्यंत नंगाऱ्यावर गाणी चालतात.